मोडीच्या भावात मर्सिडीज

वाचकाचं पत्र, थोडी काटछाट करून:

"काका, नमस्कार. तुमचं सदर वडील आणि मी दोघंही वाचतो, म्हणून तुम्हालाच पंच नेमलंय. आमचा हुपरीत चांदीच्या पैंजणांचा घरचा धंदा आहे. राहायला कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. मी ३७ वर्षांचा. घरी आई-वडील, बायको, दोन मुलं. दारात २०१५ची स्विफ्ट आहे, ती आता काढायची आहे. पुण्याच्या एका डीलरकडे २०१७ची मर्सिडीज ई-क्लास डिझेल बघितली. एमएच १२ पासिंग, ७८ हजार किलोमीटर, दुसरा मालक, मागणी २१ लाख. खरं सांगायचं तर आत बसलो आणि उठावंसं वाटेना. माझ्याकडे ११ लाख आहेत, १० लाख कर्ज काढीन. वडील म्हणतात, तेवढ्यात नवी गाडी येते, नवीच घे. त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहितो : 'आरं, ही काय पैंजण हाय व्हय, मोडली तर आटवून चांदी निघंल?' बायको म्हणते, तुम्हाला पाहिजे तर घ्या. आईचे गुडघे दुखतात, ती काहीच बोलत नाही. रोज हुपरीला जाऊन-येऊन असतो, महिन्यातून दोनदा माल घेऊन पुणे-मुंबई. डीलर म्हणतो, ५० हजार टोकन टाका, दोन गिऱ्हाईकं लाइनीत आहेत. काय करू?"

तू काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. तीस वर्षं मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. म्हणजे लोकांच्या गाड्या ठोकल्या, बुडाल्या, जळाल्या की वही घेऊन पोचणारा माणूस. त्यामुळे चकचकीत गाडी दिसली की मला आधी तिच्याखाली वाकून बघावंसं वाटतं. हा माझा दोष आहे, तो धरून पुढचं वाच.

टोकन देऊ नकोस. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंस तरी चालेल, एवढं आजच ऐक. लाइनीतली ती दोन गिऱ्हाईकं माझ्या कानावर प्रत्येक डीलरकडे आली आहेत. प्रत्यक्षात कधी चहालासुद्धा भेटली नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या महागड्या गाडीला गिऱ्हाईक कमी आणि गाड्या जास्त, हा घेणाऱ्याचा बाजार आहे. ही गेली तर दुसरी येईल, बहुतेक याच डीलरकडे येईल.

आता वडिलांचं वाक्य. मी ते घरात दोनदा मोठ्यांदा वाचून दाखवलं. तुझ्याच धंद्याच्या भाषेत मांडतो. गिऱ्हाईक पैंजण घेतं तेव्हा चांदीचे पैसे देतं आणि वर मजुरी देतं. तेच पैंजण मोडायला आणलं की तू वजन करतोस, टंच काढतोस म्हणजे शुद्धता तपासतोस, घट धरतोस आणि फक्त चांदीचे पैसे हातावर ठेवतोस. मजुरी गेली ती गेली. ही ई-क्लास नवी होती तेव्हा कर, विमा धरून रस्त्यावर यायला ६० लाखांच्या पुढे गेली असणार. त्यातली चाळीसेक लाखांची मजुरी आधीच्या दोन मालकांनी भरली आणि तुला ती मोडीच्या भावात मिळते आहे. इथपर्यंत तुझं गणित बरोबर आहे, आणि नवी गाडी घ्या म्हणणाऱ्या वडिलांचं थोडं चुकतं, कारण नव्या गाडीची मजुरी शोरूमच्या दारातून बाहेर पडतानाच तू भरणार.

पण गाडीची किंमत ६० वरून २१ वर आली, तिच्या हेडलाइटची आली नाही. हेडलाइट अजून ६० लाखांच्या गाडीचाच आहे. सेन्सर, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, सगळ्यांचं तेच. तू २१ लाखांची गाडी घेत नाहीयेस. ६० लाखांची गाडी, तिचं वय झाल्यावर, २१ लाख भरून चालवायला घेतो आहेस. बहुतेक माणसं फसतात ती इथेच. डीलर बिचारा बहुतेक वेळा खरं बोललेला असतो.

आपल्या कोल्हापूरकरांना ह्यात आणखी एक भ्रम असतो, तो म्हणजे आपलं कारखान्यांचं, मिस्त्र्यांचं उद्यमनगर आहे की! मलाही होता. एकदा शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रीकडे बसलो होतो. एकाने जुन्या जीपचा झिजलेला बुश, म्हणजे धातूची कडी, आणली. मिस्त्रीने व्हर्नियर लावला, पितळेचा तुकडा लेथला धरला, आणि माझा चहा संपायच्या आत नवा बुश तयार. आतून बोट फिरवलं तर आरशासारखा. असल्या हातांच्या जिवावर आपण कुठलीही गाडी पाळू शकतो असं वाटणं साहजिक आहे. त्याच दुकानात पुढे एक जर्मन गाडी टो होऊन आली. चावी लावली की पडद्यावर लाल अक्षरं येत आणि गाडी हूं की चूं करत नसे. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं, बंद केलं आणि मला म्हणाला, "सायेब, ह्यात मोडलेलं काय दिसंना, मग दुरुस्त काय करू?" शेवटी दोष निघाला स्टिअरिंग लॉकच्या इलेक्ट्रॉनिक भागात. तो भाग त्या गाडीच्या चासी नंबरशी कॉम्प्युटरवर जोडावा लागतो, दुसऱ्या गाडीचा काढून लावला तर ही गाडी त्याला ओळखतच नाही. धातूचं जे मोडेल ते उद्यमनगर बनवून देईल. अशा गाड्यांत धातूचं फार काही मोडत नाही, हीच अडचण आहे.

आणि माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे उपदेश करतोय असं वाटणार नाही. दुसऱ्यांच्या गाड्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने स्वतः एक जुनी जर्मन सेदान घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हताच. दारात गुलमोहर आहे. गाडीला सनरूफ. सनरूफच्या चौकटीत पडलेलं पाणी बाहेर जायला चार कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, करंगळीपेक्षा बारीक. गुलमोहराची ती मेथीच्या दाण्याएवढी पानं त्या नळ्यांत जाऊन बसली. जुलैतला पाऊस तुला माहीत आहे. पाणी नळीतून उतरायचं ते छताच्या अस्तरामागून, खांबातून खाली येऊन कार्पेटखाली साचलं. वरून सगळं कोरडं ठणठणीत. तिसऱ्या आठवड्यात गाडीला कुबट वास सुटला, चौथ्या आठवड्यात रात्री अडीचला वायपर आपोआप सुरू झाले आणि हॉर्न वाजायला लागला. गल्ली जागी झाली. कार्पेट उचललं तर खालचा स्पंज ओल्या पावासारखा, आणि त्यात बुडालेलं मॉड्यूल. नळी साफ करायला तार आणि पाच मिनिटं लागली असती. मॉड्यूलला, कोडिंगला, टोइंगला मिळून लाखाच्या घरात गेले. ती गाडी मी तेवढ्याच वेगाने विकली. तुझ्या गाडीला काचेचं छत असेल तर हे लक्षात ठेव.

आता हिशोब. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य "११ लाख आहेत, १० लाख कर्ज काढीन" हे आहे. म्हणजे गाडी दारात आली त्या दिवशी तुझ्याकडे मर्सिडीज असेल आणि खिशात शून्य. बँका जुन्या गाडीला नव्यापेक्षा जास्त व्याज लावतात. १२ टक्के धरला तर १० लाखांना ५ वर्षांसाठी महिना साधारण २२,२५० रुपये हप्ता बसतो. पाच वर्षांत व्याजच सव्वातीन लाखांच्या वर जातं. त्यात पहिल्याच वर्षी ह्या वयाच्या गाडीला टायर, बॅटरी, ब्रेक, सगळी तेलं, कदाचित सस्पेन्शनचे रबरी भाग, ह्यातलं काही ना काही निघतंच. आधीच्या मालकाने विकायचं ठरवलं ते बहुतेक वेळा मोठ्या सर्व्हिसचं एस्टिमेट हातात पडल्यावर. माझा ठोकताळा असा, की किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळी पाहिजे. २१ लाखांना ३ ते ४ लाख. ती नसेल तर गाडी परवडत नाही, हप्ता परवडत असला तरी.

विमा देतो की पैसे, असं म्हणशील. इथे माझी वही उघडतो. नव्या गाडीला झीरो डेप मिळतं, म्हणजे घसारा कापला जात नाही. आठ-नऊ वर्षांच्या गाडीला ते सहजासहजी मिळत नाही. ते नसेल तर क्लेमच्या वेळी प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांना सरळ निम्मे पैसे, आणि ५ ते १० वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांना ४० टक्के कात्री. दहा वर्षं उलटली की पत्र्यालाही ५० टक्के. पुढचा बंपर, ग्रिल, सेन्सरची घरटी, हेडलाइटची बॉडी हे सगळं प्लास्टिकच. पेठ नाक्याच्या डायव्हर्जनला पुढच्या ट्रकच्या मागे हळूच टेकलास आणि समजा दोन लाखांचं बिल झालं, तर त्यातले लाखभर तुझे. हा हिशोब सांगताना मालकांचे चेहरे कसे होतात ते मी खूप वेळा बघितलंय. मान खाली घालून फॉर्म भरत राहायचो.

तुझ्या वापराचंही बघू. हुपरीला जाऊन-येऊन म्हणजे एका वेळेला पंधरा-वीस किलोमीटर, तेही गांधीनगर-उचगावच्या गर्दीतून. डिझेल इंजिन पुरतं तापायच्या आत तू पोचलास. गाडीच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर त्यातली काजळी जाळायला गाडी मधूनमधून सलग हायवेला वेगात पळावी लागते. तुझ्या महिन्याच्या दोन पुणे फेऱ्या ते काम करतील, सातारा-कागल रस्त्याचं रुंदीकरण पळू देईल तेवढं. पण फेऱ्या बंद पडल्या, धंदा फोनवर आला, तर तो फिल्टर तुंबतो आणि तो स्वस्तातला भाग नाही. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या, त्यांचे रिफ्लेक्टर नसलेले मागचे भाग आणि रस्त्यावर पडलेल्या मोळ्या, हे तुला मी सांगायला नको. कमी जाडीच्या टायरची गाडी अशा रस्त्याला कुरकुरते. एका खड्ड्यात टायर फुगला की सोबत रिमही बघावा लागतो.

शिवाय लांबी. ह्या पिढीची ई-क्लास आपल्याकडे लांब व्हीलबेसची विकली गेली, पाच मीटरच्या वर आहे. तुझी स्विफ्ट पावणेचार ते चार मीटरमध्ये बसते. शुक्रवार पेठेतल्या बोळांना हे मीटर दीड मीटर सोसणार आहे का? सव्वापाच मीटर दोरी कापून घे, घरासमोर टाक, आणि गल्लीतलं वळण त्या दोरीने घेऊन बघ. हसू नकोस. नागाळा पार्कात एकाने गाडी आणल्यावर गेटचा खांब पाडला, तो सर्व्हे मी केलाय.

आणि पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली. तू शुक्रवार पेठेचा, जामदार क्लबजवळ पाणी आलं की काय करायचं हे तुमच्या घरात पोरांनाही पाठ असेल. स्विफ्ट कुणाच्याही दारात वर नेऊन लावता येते. ही गाडी कुठे लावणार ते आत्ताच ठरव, कारण अनेक जर्मन गाड्यांत बॅटरी डिकीत आणि मॉड्यूलं सीटखाली, कार्पेटखाली असतात. पाणी गुडघ्याला लागायच्या आत गाडीच्या मेंदूला लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि जुन्या गाडीला देताना कंपन्या नाक मुरडतात.

हे सगळं वाचून तुला वाटेल, काका नाहीच म्हणणार. तसं नाही. "बसलो आणि उठावंसं वाटेना" हे तू लिहिलंस, ते मला कळतं. ती सीट, दार लागल्यावर बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद होणं, १०० च्या वेगाला गाडी जमिनीला चिकटून बसणं, हे खरं आहे. हौस कोल्हापूरकराने करायची नाही तर कुणी! दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा मीसुद्धा नातवाला खांद्यावर घेऊन टाचा उंचावतो. फक्त एवढंच, की ती मेबॅक वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशी बाहेर पडते आणि तिला सांभाळायला राजवाडा आहे. तुझी रोज हुपरीला जाणार.

बरं, माल घेऊन पुणे-मुंबईला जाताना चार माणसं वळून बघतील अशी गाडी चांगली, की एकही माणूस बघणार नाही अशी, हे हुपरीच्या माणसाने मला विचारावं?

तरीही घ्यायची असेल तर टंच काढल्याशिवाय नाही. आणि इथे तू तुझ्या धंद्यातला संशयीपणा पुरा वापर.

डीलरला आदल्या रात्री फोन करून सांग, सकाळी येतो, गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेव. कोमट लागली तर नमस्कार करून परत फीर, कारण थंड इंजिनाचा पहिल्या दहा सेकंदांतला आवाज त्याला तुझ्यापासून लपवायचा आहे. थंड असेल तर खिडकी खाली करून सुरू कर. इंजिनातल्या साखळीचा खळखळाट आणि सायलेन्सरमधला निळा किंवा पांढरा धूर टिकून राहतो का बघ. काही ई-क्लासना एअर सस्पेन्शन असतं, म्हणजे गाडी हवेच्या फुग्यांवर तोललेली असते. असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा एखादा कोपरा बसलेला असतो का ते लांबून, गुडघ्यावर बसून बघ. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो कुणीतरी कायमचा विझवलाय.

मग सीटबेल्ट. हे माझं आवडतं काम. सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढायचे, गुंडाळीतून अगदी शेवटचा हातभर बाहेर येईपर्यंत. २०१९च्या पुरानंतरच्या हिवाळ्यात एका माणसाने नवी घेतलेली जुनी गाडी मला हौसेने दाखवायला आणली. सीट नवं कव्हर, कार्पेट नवं, आत अत्तराचा वास. मी मागचा पट्टा ओढला. वरचा भाग काळाशार, आणि शेवटच्या वितभर भागात आडवी, हळदीच्या पाण्यासारखी पिवळट रेघ. नखाने खरवडली तर माती पडली मांडीवर. तो माणूस काही बोलला नाही, पट्टा पुन्हा आत जाऊ दिला आणि दार हळू लावलं. धुणारे सगळं धुतात, ती गुंडाळी कुणी उघडत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, डिकीतल्या चाकाखालचा खड्डा, हेडलाइटच्या आतली वाफ, हेही बघ. बुडालेल्या गाड्या भंगारात विकल्या जातात आणि लांबच्या शहरात पुन्हा उभ्या राहतात. पुण्याहून येते म्हणून ती कोरडीच असेल असं नाही, कदाचित आपल्याच पुरातली माघारी येत असेल.

किलोमीटरचा आकडा मीटरवर वाचू नकोस, सर्व्हिस रेकॉर्डवर वाच. चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि मालकाच्या परवानगीने जुन्या नोंदी काढून माग. प्रत्येक भेटीला किलोमीटर लिहिलेले असतात. ५२ हजारांनंतर थेट ७८ हजार आणि मध्ये चार वर्षं कोरी, असं दिसलं तर गाडी त्या चार वर्षांत कुणाच्या हातात होती ते विचार. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. चारही टायर २०१९चे असतील तर लाखभराचं बिल त्याने तुझ्यासाठी ठेवलंय, किमतीतून काढ. खिडक्यांच्या काचांवर कंपनीची खूण आणि सालाचा इशारा असतो. पाच काचा एका वयाच्या आणि एक तरुण असेल तर त्या बाजूला काय लागलं होतं ते विचारायचं.

जुनी विमा पॉलिसी जरूर माग आणि त्यात नो क्लेम बोनसचा टक्का बघ. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ असा ५० पर्यंत चढतो, क्लेम घेतला की शून्यावर येतो. "एक ओरखडा नाही साहेब" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीत शून्य लिहिलेला असेल तर काहीतरी घडलंय. मालक बदलल्यावरही तो शून्य होतो, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. म्हणून तारखा जुळवून बघ. ही युक्ती फार कमी लोक वापरतात आणि हिला एक पैसा लागत नाही.

शेवटी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यात नोंदलेले दोष, एरर कोड, वाचणारं यंत्र. त्या कंपनीच्या गाड्या रोज करणारा, डीलरच्या ओळखीचा नसलेला माणूस घेऊन जा. त्याला दोन-चार हजार दे. त्याला फक्त "एरर कोड नाहीत" एवढं विचारू नकोस. कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ते विचार. ते स्कॅनरवर दिसतं. उत्तर "अकरा किलोमीटर" आलं तर काल संध्याकाळी कुणीतरी पाटी पुसलीय.

कागदांचं थोडक्यात. परिवहनच्या साइटवर किंवा ॲपवर नंबर टाकून बँकेचा बोजा, विम्याची मुदत, मालक क्रमांक, थकलेली ई-चलनं बघ. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या, पुण्याच्या आरटीओची एनओसी, मग कोल्हापुरात नाव. राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो, एमएच ०९ची हौस यात भागणार नाही. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घे, नाहीतर तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. २०१७ची गाडी म्हणजे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी बसलेली पाहिजे. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते बघायला माग. आणि "थोडे रोख द्या" म्हणाला तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीने घेणं आयकर कायद्याने चालत नाही, हे तुला चांदीच्या धंद्यात माहीतच आहे.

किंमत : २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या मोठ्या सेदानवरचा कर ४८ वरून ४० टक्क्यांवर आला. नवी उतरली की जुनीही उतरलीच पाहिजे, हे डीलरला तोंडावर सांग. माझ्या मते तू १८च्या वर जाऊ नकोस. बाजारात तिला २१ येत असतील तर येऊ देत. मी तुझ्या खिशाचा आकडा सांगतोय. १८ म्हणजे तुझे ८, कर्ज १०, आणि ३ लाख बाजूला, त्यांना मुलाच्या फीसाठीसुद्धा हात लावायचा नाही.

पण तेही आज नाही. आजपासून तीन महिने, दर महिन्याच्या पाच तारखेला ३० हजार रुपये वेगळ्या खात्यात टाक. २२ हप्त्याचे, ८ गाडीचे. लग्नसराईचा महिना आणि मंदीचा महिना दोन्ही त्यात येऊ देत. तीनही वेळा पैसे न ओढाताण होता गेले, तर जा आणि त्या वेळी जी उभी असेल ती तपास. एखाद्या महिन्यात हात आखडला, तर वडिलांबरोबर शोरूमला जा आणि त्यांना आवडेल ती नवी घे, मला कळवायचीही गरज नाही.

बायकोचं "तुम्हाला पाहिजे तर घ्या" हे "नाही" आहे. अर्थ मी लावला नाही, आमच्या घरातून सांगितला गेलाय.

आणि आईंना पुण्याला बरोबर ने. ह्या गाडीत मागे जागा भरपूर आहे, पण सीट जमिनीपासून खाली आहे. बसताना माणूस आत घसरतो आणि उतरताना गुडघ्यावर सगळा भार घेऊन वर उठावं लागतं. त्यांना हात देऊ नकोस, "कशी वाटली" असंही विचारू नकोस. दोनदा बसू दे, दोनदा उतरू दे, आणि दुसऱ्यांदा उतरताना त्या दाराची चौकट कशी धरतात ते बघ.

घेतलीसच, तर स्विफ्ट एवढ्यात काढू नकोस. पहिला पावसाळा जाईपर्यंत दारात राहू दे.